मामाची २०० एमएम आणि माझे तीन महिने

मामाकडून आणलेल्या जुन्या लेन्सने पहिल्या दिवशी काढलेले ४०-४५ फोटो घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि त्यातला एकही धड नव्हता. म्हणजे अगदी हललेले वगैरे नाहीत, पण सगळ्यांवर कोणीतरी साय पसरल्यासारखं, कावळ्याची चोच मऊ, झाडाची पानं मऊ, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीला जांभळी किनार, आणि काळा रंग तर काळा नाहीच, राखाडी. मी लगेच निकाल देऊन टाकला की लेन्स गेलेली आहे. मामाला फोन करून तसं सांगितलंही, तर तो म्हणाला, "लेन्स चांगली होती अगं, तू काय केलंस तिला?" मला रागच आला, कारण मी काहीच केलं नव्हतं, नुसती कॅमेऱ्याला लावली होती.

तर झालं असं की मामाने त्याचं फिल्मच्या काळातलं सामान आवरायला काढलं, त्यात चामड्याच्या डब्यात ही २०० एमएम एफ/४ लेन्स होती (एमएम जितके जास्त तितकं लांबचं मोठं दिसतं, एफचा आकडा जितका लहान तितकं आतलं छिद्र मोठं), जपानी, आट्यांची, म्हणजे फिरवून घट्ट करायची ती एम४२ वाली. ४२ मिमी व्यास आणि १ मिमी अंतराचे आटे. ही पद्धत १९४९ च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यापासूनची, पुढे पेंटॅक्सच्या टाकुमार लेन्सेसमुळे जगभर पसरली, आणि १९७५ मध्ये पेंटॅक्सनेही ती सोडून के माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची वेगळी पद्धत, घेतलं. त्यामुळे एम४२ लेन्सेस ढिगाने बनल्या आणि मग एकदम पोरक्या झाल्या. मामा म्हणाला ने, पडूनच आहे. मी नेली. माझ्याकडे एपीएस-सी, म्हणजे फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा आहे, म्हटलं एक ॲडॉप्टर आणला की फुकटात टेलिफोटो, लांबचं जवळ आणणारी.

ॲडॉप्टर म्हणजे नुसतं पोकळ कडं असतं, आत काच नाही, वायर नाही, काही नाही. काम एवढंच की लेन्स सेन्सरपासून जितकी लांब हवी तितकी लांब धरायची. एम४२ ला लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी लागतात. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे हे अंतर खूप कमी असतं, सोनी ई ला १८ मिमी, निकॉन झेडला १६, कॅननच्या आरएफला २०, म्हणून मध्ये कडं घालायला भरपूर जागा उरते आणि जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स बसते. निकॉनच्या डीएसएलआरला, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्यांना, मात्र नाही जमत, कारण त्यांचं अंतरच ४६.५, म्हणजे लेन्स आधीच १ मिमीभर जास्त पुढे बसते आणि लांबचं काही फोकसच होत नाही, मग काच घातलेला ॲडॉप्टर लागतो आणि त्या काचेने असलेली मजाही जाते. कॅननच्या ईएफ डीएसएलआरवाल्यांचं ४४ आहे म्हणून त्यांचं पातळ चकतीवर भागतं. मी नशीबवान, माझं कडं लगेच बसलं. लावलं, बटण दाबलं, तर कॅमेरा फोटोच काढेना. त्याच्या मते लेन्सच नव्हती. मेनूत खोल कुठेतरी 'लेन्स नसतानाही शटर चालू दे' असं सेटिंग असतं ते सुरू केलं तेव्हा कुठे क्लिक झालं. इथे बरेच जण कॅमेरा बिघडला समजून घाबरतात, मीही घाबरले होते.

बरं, ते राखाडी फोटो. मी आधी टॉर्च घेऊन लेन्समध्ये डोकावले, मागून उजेड टाकून पुढून तिरकं बघायचं. आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे होते, बुरशी. झालं, गुन्हेगार सापडला असं मला वाटलं. चामड्याच्या डब्यात वर्षानुवर्षं ठेवलेल्या लेन्सचं हे होतंच, चामडं ओल धरून ठेवतं. पुढचं तोंडाचं कडं बाहेरून रबराने धरून फिरवलं, ते सुटलं, त्याखालच्या कड्याला दोन खाचा होत्या त्यासाठी दोन टोकांचा लेन्स पाना लागला, आणि पुढचं भिंग हातात आलं. काढायच्या आधी कडेला पेन्सिलने खूण केली आणि भिंगाची कुठली बाजू वर होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, हे एक शहाणपणाचं काम मी केलं. हायड्रोजन पेरॉक्साइडने हलक्या हाताने पुसलं, धागे गेले, पण जिथे बुरशीने लेप खाल्ला होता तिथे उजेडात धरल्यावर पुसट नक्षी अजून दिसते, ती कायमची. परत बसवलं, बाहेर गेले, फोटो काढले.

काही फरक नाही. अक्षरशः काही नाही. नंतर वाचून आणि करून बघून कळलं की पुढच्या भिंगावरची थोडी बुरशी, धूळ, एखादा ओरखडा यांचा फोटोवर जवळजवळ परिणामच होत नाही, सूर्य समोर असला तर थोडा धुरकटपणा येतो तेवढाच. मागच्या भिंगावरचा डाग जास्त त्रास देतो. मी दोन संध्याकाळी चुकीच्या आरोपीवर घालवल्या.

मग मी जरा डोकं लावलं. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर भिंतीला छापील कागद चिकटवलेला, एफ/४ पासून एफ/१६ पर्यंत एकेक फोटो. जुन्या लेन्स छिद्र पूर्ण उघडं असताना मऊ असतात आणि एफ/८ ला सुधारतात असं सगळेच म्हणतात, तर बघू कुठे सुधारते. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर होता, म्हणजे छिद्र मी लेन्सवरच्या रिंगने ठरवणार आणि शटर तो ठरवणार, हा मोड जुन्या लेन्सवर मस्त चालतो. पाचही फोटो तितकेच मऊ. मी लेन्स पेटीत परत ठेवणारच होते, तेवढ्यात माहिती बघताना लक्षात आलं की पाचही फोटोंचा शटरस्पीड १/५०० आहे. आता एफ/४ वरून एफ/८ ला गेलं की उजेड चौपट कमी होतो, तर शटर १/१२५ वर यायलाच हवं होतं ना. आलं नाही म्हणजे रिंग फिरत होती, पण आतली छिद्र लहानमोठं करणारी पाती जागची हलत नव्हती.

लेन्सच्या बुडाशी बारकासा खटका आहे, एका बाजूला ए, दुसऱ्या बाजूला एम. मी ए म्हणजे ऑटो समजून तिथेच ठेवला होता, ऑटो म्हणजे चांगलंच की. पण हा ऑटो फिल्म कॅमेऱ्यासाठी. फोकस करताना व्ह्यूफाइंडर उजळ दिसावा म्हणून ए वर पाती पूर्ण उघडी राहतात आणि शटर दाबताना कॅमेरा लेन्सच्या मागची एक छोटी पिन आत ढकलतो तेव्हा ती ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटतात. माझ्या पोकळ कड्यात ती पिन ढकलणारं कोणीच नव्हतं. काही ॲडॉप्टरना आत एक ओठ असतो जो पिन कायम दाबून धरतो, माझ्याला नव्हता. म्हणजे मी आजवर 'एफ/८ ला पण मऊच' म्हणून जे काही बोलत होते ते सगळं एफ/४ ला काढलेलं होतं. खटका एम वर ढकलला, रिंग फिरवली, पाती डोळ्यादेखत मिटली. एफ/८ चा फोटो उघडला तर कागदावरची बारीक अक्षरं वाचता येत होती. मामाला मात्र लगेच फोन केला नाही.

(याहून जुन्या, प्रीसेट म्हणतात त्या लेन्सना ही भानगडच नसते, तिथे दोन रिंगा असतात, एकीने आकडा बांधून ठेवायचा आणि दुसरीने हाताने उघडझाक करायची. पूर्व जर्मनीच्या मायरची ऑरेस्टेगॉर २०० एमएम तशी आहे, तिला १५ पाती, छिद्र जवळपास गोल राहतं आणि मागचे उजेडाचे ठिपके एफ/८ लाही गोलच येतात. मला अशी एक मिळाली तर हवीच आहे.)

राखाडीपणा मात्र तसाच होता. तो दोन ठिकाणाहून येत होता. एक म्हणजे लेन्सच्या तोंडावर मामाच्या काळातला यूव्ही फिल्टर बसलेला होता, इतका घट्ट की मी त्याला लेन्सचाच भाग समजत होते. टेलिफोटोसमोर साधी सपाट काच असली तर तिचा प्रत्येक दोष मोठा होऊन येतो, आणि ही तर ओरखडलेली. तो काढायला जास्त जोर न लावता रबरी हातमोजा घालून तळव्याने सपाट दाबून फिरवायचं, बोटांनी आवळलं तर कडं वाकून अजून अडकतं. दुसरं कारण ॲडॉप्टर. त्याची आतली भिंत वरवर काळी दिसते, पण तिरक्या उजेडात धरली की चकाकते. आता ही लेन्स ज्या फिल्म कॅमेऱ्यासाठी बनली त्याची चौकट ३६ बाय २४ मिमी, माझा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे अर्ध्याहून जास्त उजेड सेन्सरच्या बाहेर पडतो, तो त्या चकाकत्या भिंतीवर आपटून सगळीकडे फिरतो आणि फोटोवर साय धरतो. काळ्या मखमलीसारखा चिकट कागद मिळतो त्याची पट्टी कापून आत लावली. फिल्टर काढला, पट्टी लावली, लेन्सचं सरकतं हूड पुढे ओढलं, आणि काळा रंग काळा आला. एवढ्याशा कामाने इतका फरक पडलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

आता चंद्र. मला वाटलं चंद्राला काय, रिंग अनंतापर्यंत, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेपर्यंत, फिरवायची आणि फोटो काढायचा. रिंग टोकाला टेकवली, फोटो काढला, चंद्र म्हणजे पिठाचा गोळा. परत एकदा लेन्सवर संशय. इथेही दोष कड्याचाच, पण दोष तरी कसा म्हणू, ते मुद्दाम करतात. हिशोब असा आहे की २०० एमएम लेन्सचा ॲडॉप्टर नुसता ०.१ मिमी जाड झाला तर लेन्स साधारण ४०० मीटरच्या पलीकडे फोकसच करू शकत नाही. एक दशांश मिलिमीटर! म्हणून बनवणारे तो किंचित पातळच ठेवतात, मग अनंताचं फोकस टोकाच्या थोडं आधीच येतं आणि रिंग त्याच्याही पुढे फिरते. म्हणजे टोकाला टेकवलं की तुम्ही अनंत ओलांडून गेलेला असता. आता मी स्क्रीनवर मोठं करून चंद्राच्या कडेवर फोकस करते, टोकापासून केसभर मागे.

आणि हो, २०० एमएममध्ये चंद्र मोठा येईल ही आशा सोडा, सेन्सरवर तो जेमतेम १.८ मिमी पडतो, माझ्या कॅमेऱ्यात साधारण ४६० पिक्सेल. पूर्ण चंद्राला एफ/११ आणि शटर १ भागिले आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवला तो आकडा) हा जुना नियम चालतो, मी एफ/८, आयएसओ २०० आणि १/४०० वापरते. खड्डे हवे असतील तर पौर्णिमा सोडून अर्धा चंद्र गाठायचा.

पक्ष्यांकडे परत आले तेव्हा नवाच त्रास. फोकस पीकिंग म्हणजे जिथे फोकस आहे तिथे लाल कडा दाखवतं ना ते, त्यावर मी आंधळा विश्वास ठेवला होता. कावळा लालेलाल झाला की क्लिक. घरी येऊन बघावं तर डोळा सोडून शेपटी फोकसमध्ये. हिशोब करून बघितलं तर एपीएस-सीवर २०० एमएम एफ/४ ला १० मीटरवर फोकसमध्ये असलेली पट्टी साधारण ४० सेमीची, तीही पुढेमागे मिळून, आणि ते छापील फोटोच्या हिशोबाने, स्क्रीनवर १०० टक्के मोठं करून बघितलं तर त्याच्या निम्मीही नाही. पीकिंगला यातलं काही कळत नाही, त्याला फक्त कडेचा काळापांढरा फरक कळतो, म्हणून जाड फांदी आधी लाल होते आणि पक्ष्याचे मऊ पंख होतच नाहीत. मी पीकिंग सगळ्यात कमीवर ठेवलं, प्रीव्ह्यू ब्लॅक अँड व्हाइट केला (रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये रंग असतातच, काळजी नको) म्हणजे लाल रंग उठून दिसतो, आणि पीकिंगने फक्त अंदाज घेऊन शेवटचं फोकस मोठं करून डोळ्यावर. हे बसलेल्या पक्ष्याला जमतं. उडणाऱ्याला मोठं करून बघायला गेलात तर स्क्रीनवर नुसतं आभाळ.

उडणाऱ्यासाठी मी शेवटी वाट बघायला शिकले. तो कुठल्या फांदीवर परत येतो ते बघायचं, फांदीवर आधीच फोकस लावून ठेवायचं आणि तो आला की बर्स्ट, म्हणजे एकामागून एक धडाधड फोटो. आडवा जाणारा पक्षी बरा, त्याचं अंतर फार बदलत नाही. सरळ अंगावर येणारा म्हणजे नुसता मनस्ताप. फोकसची रिंग पाऊण वळसा फिरते, त्यामुळे बारीक हलवायला ती सुंदर आहे, ऑटोफोकस लेन्सची रिंग यापुढे खेळण्यातली वाटते, पण जवळून लांब जायचं तर मनगट दोनदा बदलावं लागतं आणि तोवर पक्षी गेलेला असतो. त्यात मामाच्या लेन्सचं ग्रीस वाळलेलं, थंडीत रिंग इतकी जड होते की फिरवताना अख्खा कॅमेराच वळतो. ग्रीस बदलायला मी ती अजून उघडलेली नाही. आतले फोकसचे आटे एकाच जागी सुरू होत नाहीत, बऱ्याच ठिकाणी लागू शकतात, सुटताना नेमके कुठे सुटले याची खूण केली नाही तर परत लावताना सगळं फोकस चुकतं, आणि तेवढी माझी छाती नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण माझीच चूक. कॅमेऱ्यात आतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र सावरणारी सोय, आहे, पण लेन्स त्याच्याशी बोलत नाही, त्यामुळे किती एमएमची लेन्स आहे ते हाताने सांगावं लागतं. मी हुशारी करून ३०० सांगितलं होतं, २०० गुणिले दीड, एपीएस-सी ना. तिथे लेन्सवर लिहिलेला खरा आकडाच द्यायचा असतो. ३०० सांगितल्यावर कॅमेरा दीडपट सावरतो, म्हणजे हात हलला त्याहून जास्त चित्र उलटं हलवतो. २०० केल्यावर हातात धरून १/१२५ चे फोटोही नीट यायला लागले, बसलेल्या पक्ष्याचे हं, पक्षी स्वतः हलला तर त्याला कुठलंच स्टॅबिलायझेशन वाचवत नाही, तिथे १/१००० लागतंच. ट्रायपॉडवर मी ते बंद करते आणि दोन सेकंदांचा टायमर लावते.

आणि दुपारचे लांबचे फोटो मऊ येतात त्याला तर कोणीच जबाबदार नाही, तापलेली हवा. एकाच जागेचे दहा फोटो काढा, दहाही वेगवेगळे वाकडे दिसले तर समजा हवा आहे, लेन्स नाही. त्यावर उपाय म्हणजे पहाटे लवकर उठणे किंवा जवळ जाणे, आणि मला दोन्हीचा कंटाळा.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर लेन्सचा म्हणून जो खरा दोष उरला तो एकच, जांभळी किनार. गडद पाण्यापुढे पांढरा बगळा असला की एफ/४ ला त्याच्या मानेला जांभळी कड येते, आणि फोकसच्या मागच्या भागात हिरवट. टेलिफोटोत वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात, ते एकत्र आणायला महागडी ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या काचेची) नाहीतर फ्लोराइटची भिंगं लागतात, ती या लेन्सच्या नशिबात नव्हती. एफ/८ ला बरंच कमी होतं, उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये घालवता येतं, पण जास्त घालवलं तर बगळ्याची मान राखाडी होते. मी थोडं राहू देते. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव आणि एफचा आकडा येत नाही, म्हणून एफ बदलला की मोबाइलमध्ये बोलून ठेवते, आजूबाजूचे लोक बघतात, बघू देत.

पुढची लेन्स म्हणून सध्या टाइर-३ डोक्यात आहे, ३०० एमएम एफ/४.५, रशियात फोटोस्नायपर नावाच्या बंदुकीसारख्या दस्त्यावर लावून विकायचे ती. एवढी जड लेन्स कॅमेऱ्याच्या माउंटवर लटकवायची नसते, लेन्सच्याच ट्रायपॉडच्या भोकाला आधार द्यायचा. ५०० एमएमच्या आरशाच्या लेन्स हलक्या असतात आणि त्यांना जांभळी किनारही येत नाही, पण मागचा उजेड सगळा मेदूवड्यासारखा भोकाचा दिसतो आणि छिद्र एकाच आकड्यावर, बहुधा एफ/८ वर, कायमचं अडकलेलं, मला नको.

परवा मामा आला होता तेव्हा त्याला कॅमेरा दिला. स्क्रीनकडे त्याने बघितलंही नाही, व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावला, डावा हात लेन्सखाली गेला आणि अंगठ्याने सवयीने तो खटका परत ए वर ढकलला. मी बोलणार होते, राहू दिलं. समोरच्या तारेवर कावळा होता, त्याने रिंग एकदा पुढे नेली, जराशी मागे आणली, क्लिक. असे चार फोटो काढले, पीकिंग नाही, मोठं करणं नाही. रात्री स्क्रीनवर उघडले तर चारही अर्थातच एफ/४ चे, तारेला जांभळी कड आलेली, आणि चारातल्या तिघांत कावळ्याचा डोळा लख्ख फोकसमध्ये. मामा बाजूलाच उभा होता, म्हणाला, "तुला म्हटलं होतं ना, चांगली आहे." मी खटका परत एम वर केला आणि लेन्स डब्यात ठेवली, चामड्याच्या नाही, सिलिका जेलच्या.